मासळीचा मेल सांगा, म्यूटचा किस्सा राहू द्या

पत्र

ताई,

सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य गेलं. मुंबई, पुणे, बंगळूर करत शेवटी गोव्यातल्या वेर्ण्याच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली आणि गेल्या वर्षी थांबलो. येत्या डिसेंबरात जुनी टीम गोव्यात जमते आहे. पुण्या-बंगळूरहून लोक येणार, बहुतेकांची बायका-मुलंही येणार. जेवणानंतर अर्धा तास मी 'जुन्या गजाली' सांगायच्या, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात मी दर वर्षी उभा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे ना! मी यादी केली, ती सोबत जोडली आहे. मायक्रोवेव्हमधल्या मासळीवरून उठलेलं मेलचं वादळ. बसमधून मीटिंगला बसलेला गडी. चालू डेटाबेस उडवलेला नवा मुलगा. आमचे खुर्चीवाले साहेब. आणि लॉकडाऊनमध्ये माइक चालू राहिलेला प्र., ज्याच्या वडिलांचं ओरडणं अख्ख्या टीमने ऐकलं. त्यातलं एक वाक्य मी नंतर मगवर छापून त्याला निरोपसमारंभात दिलं होतं.

बायकोला यादी वाचून दाखवली. ती दोनदा हसली, मग म्हणाली, "हे सांगितल्यावर तुमच्या टेबलावर जेवायला बसणार कोण?" मला वाटतं, ती कधी अशा ऑफिसात नव्हती म्हणून तिला गंमत कळत नाही. तेव्हा तर सगळे हसले होते. मग आता अडचण काय? कुठला किस्सा ठेवू, कुठला गाळू, तुम्हीच सांगा.

— फोंड्याकडचा एक निवृत्त प्रोग्रॅमर

उत्तर

भाऊ,

बायको ऑफिसात नव्हती म्हणून तिला कळलं नाही, असं तुम्ही म्हणता. अहो, त्या रात्री तुमच्यासमोर बसणाऱ्यांतली निम्मी माणसं तुमच्या ऑफिसात कधी नव्हती. कुणाची बायको, कुणाचा नवरा, कुणाची बारावीतली मुलगी. तुमचा खरा श्रोता तुमच्या स्वयंपाकघरात बसून आधीच निकाल देऊन मोकळा झालाय, आणि तुम्ही अपील घेऊन माझ्याकडे आलात. निकाल थोडासा बदलते, पण फारसा नाही.

आणि ते 'तेव्हा सगळे हसले होते' बाजूलाच ठेवा. तुम्ही टीम लीड होता. मार्चमध्ये अप्रेझल तुमच्या हातात. सरकारी कचेरीत माझी नोकरी झाली. साहेबाच्या विनोदावर हसण्याचा भत्ता मिळत असता तर आज पर्वरीत माझा दुमजली बंगला असता. कोण मनापासून हसलं आणि कोण खुर्चीसाठी हसलं, हे साहेबाला त्या वेळी कळत नाही आणि नंतर कुणी सांगायला येत नाही.

आता मासळी. हा किस्सा सांगाच, आणि सगळ्यात आधी सांगा. वाचकांसाठी थोडक्यात सांगते, कारण तुमच्या यादीत तो दोन पानं आहे आणि त्यातली दीड पानं मी दोनदा वाचली.

बंगळूरच्या मुख्य कचेरीतून एके दिवशी सगळ्या शाखांना मेल आला: मायक्रोवेव्हमध्ये उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत. वेर्ण्याचं नाव कुठेच नव्हतं, पण रोख कुणावर आहे हे वेर्ण्यात शिपायालाही कळलं. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला तुमच्या मजल्यावर सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणाचा, म्हणजे कालवणाचा, आणि तळलेल्या बांगड्यांचा वास लिफ्टपर्यंत जायचा, आणि आदल्याच आठवड्यात एक परदेशी पाहुणा त्या लिफ्टमधून वर आला होता. तुमच्या टेस्टिंगमधल्या एका सज्जनाने मेल वाचला, विचार केला आणि 'रिप्लाय ऑल' दाबून अगदी मनापासून विचारलं, "यात सुक्या मासळीचा समावेश होतो का? खारा बांगडा गरम न करता डब्यातून काढला तर नियमभंग होईल का?" पुढे हैदराबादहून कुणी बिर्याणीचं विचारलं. कोलकात्याने मासळीच्या बाजूने उभं राहून लांबलचक उत्तर लिहिलं. मग सुरू झालं, "कृपया मला या यादीतून काढा." तेही सगळ्यांना. मग कुणीतरी चिडून सगळ्यांना लिहिलं की सगळ्यांना लिहू नका. चार वाजता कुणीतरी किसमुराची कृती पाठवली: सुकी सुंगटं भाजून, खोबरं, कांदा, मिरची, थोडी चिंच. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर छापील सूचना लागली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याखाली निळ्या पेनाने एक ओळ आली: "सोमवार-गुरुवार आपोआप पाळला जाईल." ती ओळ कुणी लिहिली हे आजवर कुणालाही ठाऊक नाही, असं तुम्ही लिहिता. मला तुमच्यावरच संशय आहे.

या किश्शात कुणी लहान होत नाही. टेस्टिंगवाल्याने आपलं कामच केलं. नियमाची कड कुठे संपते ते बघणं हीच त्याची नोकरी. हसू येतं ते कचेरीच्या रुबाबाचं, आणि त्या रुबाबाला कुणाची बायको-मुलं नसतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सुरुवातीला इंग्लंडचं उदाहरण द्या. 14 नोव्हेंबर 2016 ला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे 8 लाख 40 हजार कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांवर गेला, आणि 'मला काढा, मला काढा' अशी उत्तरं सगळ्यांनी सगळ्यांना धाडून यंत्रणा जाम केली. खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये 1997 साली हेच झालं होतं. त्याच कंपनीने 2020 साली आपल्या मेलसेवेत लगाम बसवला: मोठ्या यादीवर तासाभरात अशी दहा उत्तरं गेली की पुढची उत्तरं चार तास अडवायची. एवढ्या मोठमोठ्यांची जिथे दाणादाण उडाली तिथे वेर्ण्याचा खारा बांगडा काही मागे नाही, हे ऐकून पोरंसुद्धा हसतील. फक्त बंगळूरच्या त्या ॲडमिनचा उच्चार काढून दाखवू नका. तुम्ही नाटकातले, तुम्हाला मोह होणार. बंगळूरची माणसं समोर बसलेली असतील.

जुना मेल कुणाकडे छापील असेल तर मागवून घ्या. खऱ्या शब्दांना रंग चढवावा लागत नाही.

बसमधला गडी: त्याला फोन करून विचारा, तो हो म्हणणार. झुआरी नदीवरचा नवा पूल 2022 च्या अखेरीस सुरू होण्याआधी कुठ्ठाळीच्या त्या रांगेत ज्याने सकाळी तासभर काढला नाही असा वेर्ण्याला कामाला जाणारा उत्तर गोव्यातला माणूस मला दाखवा. त्यामुळे "मी डेस्कवरच आहे" असं तो म्हणत असताना मागून कंडक्टरने "कुठ्ठाळी, कुठ्ठाळी, उतरा" ओरडणं आणि पलीकडच्या अमेरिकन बाईंनी "कुठ्ठाळी टीममध्ये नव्याने आले का?" असं विचारणं, यावर सगळा गोवा त्याच्या बाजूने उभा राहील.

डेटाबेस उडवलेल्या मुलाचं मात्र जरा थांबून बघूया. तुमच्या मते तो किस्सा असा: नवा आलेला पोरगा, चाचणीचं मशीन समजून चालू मशीनवर हुकूम दिला, ग्राहकांची नोंद साफ, पोरगा पाऊण तास संडासात लपला. आज तो एका मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे, म्हणून सांगायला गंमत येते, असं तुम्ही लिहिता. माझा भाचा याच धंद्यात आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, पहिला प्रश्न हा की नव्या मुलाला चालू मशीनचा पासवर्ड दिला कुणी?" तुमच्या दीड पानात याचं उत्तर नाही.

भाच्यानेच मला गिटलॅबची, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या एका कंपनीची, हकीगत सांगितली. 31 जानेवारी 2017 च्या रात्री त्यांच्या एका थकलेल्या इंजिनिअरने नेमकं चुकीच्या सर्व्हरवर पुसून टाकण्याचा हुकूम दिला आणि 300 जीबीच्या आसपास माहिती गेली. बॅकअप बघायला गेले तर एकामागून एक फुसके. एक बॅकअप तर कितीतरी दिवस होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली, तीही योगायोगाने काढून ठेवलेली. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, झालेलं सगळं जाहीर लिहून काढलं, आणि त्या माणसाचा उल्लेख केला 'टीम-मेंबर-1' एवढाच. नोकरीवरून काढलंही नाही. जगभरच्या वाचकांसमोर कंपनीने सगळी चूक ठेवली, माणूस ठेवला नाही.

तुमच्या पोराची गोष्ट अशी सांगता येत असेल तर सांगा. म्हणजे बॅकअपची टेप कुणाच्या ड्रॉवरमध्ये होती, चावी घेऊन कोण मडगावला लग्नाला गेलं होतं, ग्राहकाला फोनवर 'नियोजित देखभाल' म्हणून कुणी थाप मारली. हे सगळं तुमच्या कागदावर आहे, पण कंसात, एकेका ओळीत. गंमत त्या कंसातच आहे. संडास काढून टाका. आणि तरीही आधी त्याला विचारा, एकट्याला, ग्रुपवर नाही. ग्रुपवर विचारलं की माणसाला 'नको' म्हणता येत नाही. ग्राहक कंपनीचं नाव अजिबात घेऊ नका. सही केलेल्या कागदातली गोपनीयतेची कलमं बहुधा नोकरी सुटल्यावरही सुटत नाहीत.

खुर्चीवाले साहेब: हा किस्सा नाही. नव्या मुलींच्या शेजारी 'कोड बघायला' म्हणून चाकाची खुर्ची सरकवत नेणारा माणूस, आणि चाकांचा आवाज आला की पाणी भरायला उठणाऱ्या मुली. "मुलीही हसायच्या," असं तुम्ही लिहिलंय. त्या उठून जात होत्या, हेही तुम्हीच लिहिलंय, त्याच वाक्यात. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात 1997 सालीच मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली होती. 2013 साली कायदा आला. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती हवी, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची. त्या मुलींची मुदत कधीच संपली. त्यांतल्या कुणी त्या रात्री समोर बसलेल्या असतील तर तुमच्या तोंडून चाकांचा आवाज त्यांना पुन्हा ऐकवू नका. कुणी स्वतःहून त्या साहेबांबद्दल बोलायला लागली तर गप्प बसून ऐका, आणि विनोद करून तो विषय गुंडाळू नका.

यादी सगळी वाचून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. तुमच्या एकाही आठवणीत तुम्ही पडत नाही. मेल दुसरा पाठवतो, बस दुसऱ्याची, डेटाबेस दुसरा उडवतो, माइक दुसऱ्याचा. तुम्ही दर वेळी खांबाला टेकून बघत असता. इतकी वर्षं मोठ्या ऑफिसात काढून माणसाची एकदाही फजिती झाली नाही, यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुमची टीम तर नाहीच ठेवणार.

मग मी तुमची ता. क. वाचली. यादीबाहेर, घाईघाईने लिहिलेली. जत्रेच्या नाटकात औरंगजेब मिळाला होता, घरी मुलांचा अभ्यास, म्हणून तुम्ही संध्याकाळी सर्व्हर रूममध्ये जाऊन संवाद पाठ करायचात. खोली थंडगार, दार जाड, आवाज बाहेर जात नाही हा तुमचा समज. रखवालदाराने खालून फोन केला, "साब, अंदर किसी का झगड़ा चल रहा है." आणि बंगळूरला कॅमेऱ्यावर नजर ठेवणाऱ्या मुलाला आवाज येत नव्हता, फक्त चित्र दिसत होतं. त्याने रीतसर तक्रार नोंदवली की वेर्ण्याच्या सर्व्हर रूममध्ये एक कर्मचारी रॅकसमोर गुडघ्यावर बसून हात पसरतो आहे, यंत्रणेत गंभीर बिघाड असावा. रात्री नऊला पुण्याहून दोन वरिष्ठांचे फोन आले, सर्व्हर ठीक आहेत ना म्हणून!

भाऊ, हे तुम्ही ता. क. मध्ये टाकलंत? आपल्याकडे जत्रेचं मराठी नाटक म्हणजे काय, गावातला पोस्टमन आणि शाळामास्तर महिनाभर कसे बादशहा होऊन हिंडतात, हे बंगळूरच्या मंडळींना सांगायची याहून चांगली संधी मिळणार नाही. हाच तुमचा शेवटचा किस्सा. संवाद पाठ असेलच अजून. उभं राहून म्हणा, हात पसरून, समोर एखादं फ्रीज ठेवून. बाकीच्यांच्या गोष्टी सांगायचा हक्क माणसाला अशा एका गोष्टीनंतर आपोआप मिळतो.

काही किरकोळ गोष्टी. अर्धा तास फार होतो, पंधरा मिनिटांत उतरा. जेवणानंतर नको, आधीच करा. तिसऱ्या पेगनंतर मागच्या टेबलावरून कुणी ना कुणी "तो खुर्चीवाला सांग रे" म्हणून ओरडणारच. तेव्हा "तो नाही" एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. भाषण नको. प्रत्येक हातात फोन असेल, कोण चित्रीकरण करून कुठे टाकील सांगता येत नाही. जे सांगाल ते दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात ऐकू आलं तरी चालेल, एवढंच सांगा. आणि नाव बदलून सांगतो म्हणाल तर ते पुण्या-मुंबईत. आपल्याकडे 'एक गृहस्थ, वडिलांचा ट्रक, अमुक बाजूचे' म्हणताच दोन टेबलांवर नाव, गाव आणि सासर निघतं. तुमच्या पत्रातलं त्या माणसाचं आद्याक्षर मी बदललंय, तालुका गाळलाय. खाणपट्टा मात्र गाळता येईना, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तर प्र.

लॉकडाऊन, घरून काम, दुपारचा कॉल. त्याचा माइक चालू राहिला आणि मागून वडिलांचा आवाज आला, "त्या डब्याशी बोलून हप्ता भरतो काय रे?" पुढेही बरंच काही. आईने मध्ये पडणं, दार आपटणं. मग त्याने माइक बंद केला आणि उरलेल्या मीटिंगभर बोलला नाही. तुम्ही 'हप्ता भरतो काय रे?' हे टीमचं पेटंट वाक्य केलंत. रिलीज लांबली की तेच, कुणी चहाला उशिरा आला की तेच. प्र. नोकरी सोडून निघाला तेव्हा तो मग.

तुम्ही फोंड्याचे. खाणीच्या ट्रकांची रांग तुम्ही लहानपणापासून बघितलीत. 2012 साली खाणी एकदा बंद पडल्या. पुन्हा जेमतेम सुरू झाल्या तोवर 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून सगळं पुन्हा थांबलं. खाणीतून जेटीपर्यंत माल नेणाऱ्या ट्रकांवर किती घरं उभी होती आणि ट्रक अंगणात उभे राहिल्यावर बँकेचा हप्ता कुठून येत होता, हे त्या पट्ट्यात कुणालाही विचारा. प्र.च्या वडिलांचा ट्रक दोन वर्षं अंगणात होता, हे तुमच्याच पत्रात आहे. त्यांनी बघितलं काय तर धडधाकट मुलगा घरात बसून दिवसभर डब्याशी इंग्रजीत बोलतोय. ते चिडले. त्या दिवशी त्या घरात काही वेळ अख्खी कंपनी येऊन बसली होती, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

आणखी एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: "बंगळूरवाल्यांना भाषा कळली नव्हती, मीच सगळ्यांना अर्थ सांगितला." म्हणजे बाकीच्यांनी ऐकला होता नुसता एक म्हातारा आवाज. आठवडाभरात विसरले असते. हप्ता, ट्रक, बाप-लेक हे सगळं त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचवलंत. मगवर छापलंत. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही स्वतःच विचारलंत की अडचण काय, म्हणून बोट ठेवून दाखवते.

माइक-कॅमेऱ्याचे किस्से सगळेच वाईट असतात असं नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससच्या एका कोर्टाच्या झूमवरच्या सुनावणीत एका वकिलाच्या चेहऱ्याच्या जागी मांजराचं पिल्लू दिसत होतं आणि तो न्यायाधीशांना सांगत होता की मी इथेच आहे, मी मांजर नाही. जग हसलं, तोही हसला, मुलाखती दिल्या. त्याचं गेलं काय? घर कुणी बघितलं नाही, बाप कुणी ऐकला नाही. लॉकडाऊनमध्ये तुमच्या कॉलवर नुस्तेंवालीची (मासळीवालीची) हाक आली असेल, कोंबडा आरवला असेल, सत्तरी तालुक्यातला कुणी रेंजसाठी डोंगरावर जाऊन वाऱ्यातच बोलला असेल. ते सगळं खुशाल सांगा.

प्र.चा किस्सा सांगायचा नाही. त्याला विचारूनही नाही. विचारलंत तर तो "सांगा की" म्हणेल, कारण तो मग हातात घेतानाही तो हसलाच होता. त्याने स्वतः उठून सांगितला तर गोष्ट वेगळी, तेव्हा हसा, पण तुम्ही पुढचं वाक्य पुरवू नका.

त्याने टीमच्या ग्रुपमधून नाव काढून घेतलं आणि डिसेंबरचं निमंत्रण त्याला 'कुणीतरी कळवेल' असं तुम्ही लिहिता. ते तुम्ही कळवा. मेसेजवर नको. आणि निमंत्रणात माफी गुंडाळून पाठवू नका, माणसाला वाटतं की पार्टीला यावं म्हणूनच बोलतोय. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. तो पुण्यात असो की दुबईत, चवथीला घरी येणारच, आणि चवथीत कुणाच्याही घरी जायला निमित्त लागत नाही. संध्याकाळचे जा, बायकोला घेऊन. यादीवरून एवढी बोलली आहे तर दोन तास बरोबरही येईल. वडील सोप्यावर बसलेले असतील. त्यांच्यासमोर ऑफिसचा, मगचा, त्या दुपारचा शब्द काढायचा नाही. त्यांना आजही ठाऊक नसेल आणि ते तसंच राहू दे. गणपतीवर बांधलेली फळा-फुलांची माटोळी बघा, कुठलं फळ कुठून आणलं ते विचारा, नेवऱ्या खा. निघताना प्र. तुम्हाला गाडीपर्यंत सोडायला येईल, तेव्हा बोला. "तो मग मी द्यायला नको होता," एवढं पुरे. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे त्यात घालू नका. मग गाडी सुरू करा, त्याला लगेच काही उत्तर द्यावं लागेल असं उभं राहू नका.